शेवाळ आणि मांडवाचे बांबू

मी इंडोनेशियाला बऱ्याच वेळा जाऊन आले आहे हे कळलं की लोक पहिल्यांदा बालीचं विचारतात. मी बाली पाहिलेलं नाही. देवळं, ज्वालामुखी, नाचणाऱ्या मुली यांतलं काहीच पाहिलेलं नाही. मी पाहिलंय ते सुलावेसी बेटाच्या किनाऱ्यावरचं एक गाव, जिथे जायला मकास्सरहून आधी गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत आणि मग होडीत बसून उरलेली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण नकाशात शोधून ते सापडायचं नाही. आमच्या मंडळाच्या अंकाचे संपादक म्हणाले, "ताई, परदेशातले रंजक अनुभव लिहा." मी त्यांना तिथेच सांगितलं की माझा परदेश खारट वासाचा आहे आणि रंजक फारसं काही नाही. ते म्हणाले, तेच लिहा. तर लिहिते. मला आता कशाला नाही म्हणायचाही कंटाळा येतो.

मी रसायनशास्त्र शिकले आणि बडोद्याबाहेर छाणीच्या पलीकडे एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली. कारखाना समुद्री शेवाळाचा. "शेवाळ? म्हणजे विहिरीच्या पायऱ्यांवर असतं ते?" असं रावपुऱ्यातल्या आमच्या शेजारणींनी मला इतक्यांदा विचारलं की शेवटी मी "हो, तेच" म्हणायला लागले. पण ते ते नव्हे. उथळ, उबदार समुद्रात दोरीला बांधून वाढवतात असं एक जाडसर, फांद्याफांद्यांचं शेवाळ असतं. ते वाळवून, क्षाराच्या पाण्यात शिजवून, गाळून, पुन्हा वाळवून दळलं की पांढरट पावडर मिळते. ती दुधाला, पाण्याला घट्टपणा देते. आइस्क्रीम लवकर वितळू नये म्हणून ती घालतात, टूथपेस्ट ब्रशवर उभी राहावी म्हणून घालतात. सकाळी दात घासताना आणि रात्री आइस्क्रीम खाताना बडोदेकर माझ्या हातचं काहीतरी तोंडात घालत असतात, हा विचार मला बरीच वर्षं सुख देत असे.

नव्वदनंतर आयातीच्या परवान्यांची कटकट कमी झाली आणि आमचे मालक किरीटभाई यांनी थेट इंडोनेशियाहून वाळवलेलं शेवाळ मागवायला सुरुवात केली. माल मकास्सरच्या एका व्यापाऱ्यामार्फत यायचा. माझं काम म्हणजे प्रत्येक खेपेतून नमुना काढून शिजवायचा, त्याची जेली लावायची आणि तिच्यावर वजन ठेवत जायचं. जेली किती भार सोसून फुटते त्यावरून माल ठरतो. कोवळं कापलेलं शेवाळ असेल तर जेली बोट लावताच फुटते. आणि मालात वाळू असेल तर मग विचारूच नका. गाळणीची कापडं फाटतात, पंप कुरकुरतात आणि पावडर दाताखाली कचकन लागते. टूथपेस्टमध्ये वाळू चालून जाईल, असं आमचा एक ऑपरेटर म्हणायचा. किरीटभाईंना हा विनोद कधी आवडला नाही.

आमच्या मालात वाळू येऊ लागली. किरीटभाईंनी आधी आपल्या पुतण्याला माल जिथून यायचा त्या गावी पाठवलं. तो गावच्या मुखियाजवळ बसला, नारळपाणी प्यायला, फोटो काढून परत आला, आणि पुढची खेप आली तीही वाळूनं भरलेली. मी बोलता बोलता म्हणाले, "किरीटभाई, फोटोंत काम करताना दिसतायत त्या सगळ्या बायका आहेत. आणि तुमचा पुतण्या बोललाय फक्त पुरुषांशी." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तो बेन, तमे जशो?" ते म्हणाले. मग तुम्ही जाल का?

घरी सांगितलं तर आईच्या तोंडचं पाणी पळालं. आमचं घराणं संस्थानी फौजेतल्या शिलेदारांचं, पण समुद्र ओलांडून कोणी गेलेलं नव्हतं. हे शाळेत शिक्षक, स्वभावानं थंड. म्हणाले, "जा. फक्त परत येताना वास कमी घेऊन ये." शेवाळाचा वास माझ्या साड्यांतून, केसांतून जायचा नाही, यावरून आमच्याकडे रोज काहीतरी चालायचंच.

गावातली घरं लाकडी, उंच खांबांवर उभी. खालची सावलीची जागा हीच खरी काम करायची जागा. तिथे बायका मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात ओल्या शेवाळाचे ढीग. त्याच्या छोट्या फांद्या तोडून लांब दोरीला बारीक प्लॅस्टिकच्या सुतळीनं थोड्या थोड्या अंतरावर बांधायच्या. मग पुरुष त्या दोऱ्या होडीतून नेऊन समुद्रात ताणून लावणार, रिकाम्या बाटल्यांच्या आधारानं तरंगत ठेवणार. महिना-दीड महिन्यानं भरलेल्या दोऱ्या ओढून आणायच्या आणि शेवाळ वाळवायचं. बस, एवढीच शेती. नांगर नाही, पाऊस नको, खत नाही. पाऊस तर नकोच, कारण वाळत घातलेल्या मालावर पाऊस पडला की सगळं सपक होतं.

या बायकांची पुढारी होती हसना. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, काटक, डोक्याला रुमाल, बोलताना हात कधी थांबवायची नाही. व्यापाऱ्याचा माणूस युसुफ आमच्यात दुभाषा म्हणून असे. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकमेकांना सांभाळून घेत. पुढेपुढे मी त्यांची भाषा कामापुरती शिकले. हसना मला इबू म्हणायची. आपल्याकडे बाई किंवा ताई म्हणावं तसं. पहिल्या दिवशी सगळ्याजणींनी मला हिंदी सिनेमातलं गाणं म्हणायला लावलं. मला गाता येत नाही हे ऐकून त्यांची जी निराशा झाली ती मला आजही टोचते. भारतातून आलेली बाई आणि गात नाही, म्हणजे माल नापास.

हसनानं मला दुसऱ्याच दिवशी सगळं उघड सांगितलं. तिचा नवरा अमीर लग्नानंतर मलेशियात पामतेलाच्या मळ्यांवर कामाला गेला होता. गावातले बहुतेक पुरुष तसेच जायचे. काही दोन वर्षांनी यायचे, काही यायचेच नाहीत, काहींनी तिकडे दुसरा संसार मांडल्याचं इकडे बऱ्याच उशिरा कळायचं. मासळी कमी झालेली, भात पिकायला जमीन नाही. मग शेवाळाचं गिऱ्हाईक आलं आणि अमीर परत आला. त्याची धाकटी मुलगी तेव्हा त्याला ओळखत नव्हती, काका म्हणाली.

"आता तो इथे आहे," हसना म्हणाली. "तुम्ही माल घेताय तोवर इथे आहे. मला घर मोठं नको, सोनं नको. त्याला आता पुन्हा जाऊ देणार नाही."

अमीर बाजूलाच होडीची फळी ठोकत होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठोकायला लागला. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या जेलीवर मी जे वजन ठेवते ते फार जपून ठेवायला हवं.

वाळूचं कारण साधं होतं. माल किनाऱ्यावर सरळ वाळूतच पसरत. मी किरीटभाईंच्या मागे लागून कारखान्याच्या खर्चानं बांबूचे मांचे बांधून घेतले, कमरेइतक्या उंचीचे, लांबलांब आडव्या बांबूंचे, वर हिरवी नायलॉनची जाळी. आमचेच आहेत हे कळावं म्हणून बांबूंच्या टोकांना कारखान्याच्या फाटकाचा निळा रंग लावला. पुढची खेप आली ती अशी स्वच्छ की आमचा ऑपरेटर म्हणाला, "बेन, आमां तो रेतीज नथी!" त्याला चुकल्यासारखं झालं असावं. किरीटभाईंनी सगळ्यांना पेढे दिले.

आणि मग पुन्हा वाळू. पहिल्यापेक्षा जास्त. एक खेप, लागोपाठ दुसरी. किरीटभाई भडकले. "बेन, तमारी बेनपणीओ आपणने बनावे छे," म्हणाले. तुमच्या मैत्रिणी आपल्याला बनवतायत. वजन वाढवायला मुद्दाम वाळू घालतात असा त्यांचा ठाम समज झाला. व्यापारी दुसऱ्या गावाचा माल द्यायला तयारच होता. आणखी एक खेप अशी आली तर हे गाव बंद, असं ठरलं. मी म्हटलं, त्याआधी मला जाऊ द्या.

मी पोचले तर गावात लग्न. हसनाच्या नणंदेच्या मुलीचं. मला चौकशीचा एक शब्द काढू न देता थेट मांडवात नेऊन बसवलं, मानाच्या जागी, ताटात मासा, भात आणि चिकट तांदळाचा गोड पदार्थ. घराला लागून भलामोठा मांडव घातलेला, रंगीत कापडं, कागदाची फुलं. जेवताना सहज वर पाहिलं. छताला हिरवी जाळी ताणलेली. खांबांकडे पाहिलं. प्रत्येक खांबाच्या टोकाला निळा रंग.

माझा घास तोंडातच राहिला. छाणीहून खर्च मंजूर करून घेतलेले माझे वाळवणाचे मांचे लग्नाला उभे होते, आणि फार छान दिसत होते. मी युसुफला म्हटलं, "विचार यांना, हे काय आहे?" युसुफनं नवरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताटातला मासा निवडत म्हणाला, "मॅडम, मी आत्ता जेवतोय." एवढ्या वर्षांत त्यानं भाषांतर करायला नकार दिला तो तेवढाच.

पाहुणे पांगल्यावर मी हसनाला घराखाली गाठलं. ती नेहमीसारखी बसून फांद्या बांधत होती. मी बरंच बोलले. रागानं बोलले. दोन खेपा वाया गेल्या, मालक गाव सोडायला निघालाय, आणि तुम्ही मांच्यांचे मांडव घालता? तिनं सगळं ऐकून घेतलं.

"इबू, तुमच्याकडे लग्नाला बांबू मागितला तर नाही म्हणतात?"

"आमच्याकडे मांडववाला असतो. तो भाड्यानं देतो."

तिला हे फार विचित्र वाटलं. मांडव भाड्याचा! मग तिनं मला समजावलं. तिथे मांडव कोणा एकाचा नसतो. लग्न ठरलं की घरटी बांबू, दोर, कापड जे असेल ते आणून द्यायचं. ज्याच्याकडे चांगला बांबू आहे आणि तो देत नाही, त्याच्या दोऱ्या ओढायला दुसऱ्या दिवसापासून कोणी येत नाही. आणि शेवाळाच्या भरलेल्या दोऱ्या एकट्या घराला ओढवतच नाहीत. म्हणजे बांबू दिला तर माल वाळूत, आणि बांबू नाही दिला तर माल समुद्रातच.

"पण लग्नं काय रोज असतात?" मी विचारलं.

"माल निघाला की असतात," ती म्हणाली. "हातात पैसा तेव्हाच येतो ना."

आता सगळं उलगडलं. शेवाळ निघालं की वाळवायचं असतं, आणि शेवाळ निघालं की लग्नंही उरकायची असतात. मांचे लागायचे तेव्हाच मांडव लागायचे. आमच्याआधी इतकी लग्नं होतही नव्हती, कारण नवरेमुलगे मलेशियात असत. आमच्याच पैशानं पोरं घरी राहिली, त्यांचीच लग्नं लागली, आणि त्याच लग्नांनी आमचे मांचे नेले. मी कपाळावर हात मारला आणि तिच्या शेजारी बसून फांद्या बांधायला लागले. ती माझ्या गाठी सोडून पुन्हा बांधत होती.

बडोद्याला येऊन मी किरीटभाईंपुढे शब्द टाकला. गावाला मांडवासाठी वेगळे बांबू घेऊन द्या, चांगले, लांब, कापडासकट. मग मांच्यांना कोणी हात लावणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता प्रयोगशाळेलाही कुलूप लावतात.

"आपणे केमिकलनो धंधो करीए छीए के मंडप डेकोरेशननो?"

"दोन्ही, सध्या तरी."

त्यांची धाकटी मुलगी त्याच महिन्यात सासरी गेली होती, ते मला ठाऊक होतं आणि मी ते ठाऊक असूनच गेले होते. "रंग बीजो राखजो," शेवटी म्हणाले. रंग दुसरा ठेवा. आम्ही लाल ठेवला. लाल टोकाचे बांबू लग्नाचे, निळ्या टोकाचे शेवाळाचे. गावानं ते इतकं काटेकोर पाळलं की एका लग्नात चार खांब कमी पडले तरी निळ्यांना कोणी हात लावला नाही. एक बाजू उघडी ठेवून लग्न लागलं.

त्यानंतरची वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात बरी. माल स्वच्छ यायचा. मी जायचे, यायचे. अमीरनं दुसरी होडी घेतली. धाकटी मुलगी त्याच्या खांद्यावर बसून किनाऱ्यावर फिरायची. हसनाचा हात दोरीवर चालत असायचा आणि ती मला गावातली भांडणं सांगायची. मी रावपुऱ्यातली सांगायचे. दोन्हीकडची सारखीच असायची, फक्त त्यांच्याकडे स्कूटर कुठे लावायची यावरून भांडण नव्हतं. जेलीवर वजन ठेवताना आता मला धास्ती नसे.

मग चीनची पावडर आली. तयार, दळलेली, पिशवीत भरलेली. ज्या धोरणानं आम्हाला वाळलेलं शेवाळ मोकळेपणानं आणू दिलं होतं, त्याच धोरणानं आता तयार पावडरही येऊ लागली. त्यांचे कारखाने अवाढव्य, आमचा एवढासा. आम्ही शिजवून, गाळून, वाळवून जी पावडर करायचो, तिच्या खर्चात त्यांची छाणीच्या फाटकापर्यंत पोचत होती. किरीटभाईंनी वर्षभर कळ काढली. मग एक दिवस भट्ट्या विकल्या, गाळण्या भंगारात काढल्या, आणि आयात केलेल्या पावडरच्या पिशव्यांवर आपलं लेबल लावायला सुरुवात केली. माझी नोकरी राहिली. आता मी चीनच्या पावडरची जेली लावत होते. ती चांगली असायची. तिच्यात खोड काढावी असं मला फार वाटे, पण खोड नव्हती.

गावाला सांगायला मीच गेले. फॅक्सनं व्यापाऱ्याला कळवून झालं होतं, पण मी हट्ट धरला आणि किरीटभाईंनी तिकीट काढून दिलं. तेही थकले होते. "एने कहेजो के मारो वांक नथी," म्हणाले. तिला सांगा, माझा दोष नाही. मला तो त्यांचा निरोप पोचवायचा नव्हता, पण तो खोटाही नव्हता.

हसनानं शेवटच्या खेपेचं विचारलं. ती खेप आमच्याकडे आली होती तेव्हा मी सवयीनं तिची जेली लावली होती. इतकी मजबूत जेली त्या प्रयोगशाळेत कधी लागली नव्हती. आमच्याकडची वजनं संपली तरी ती फुटली नाही.

"माल खराब होता?" तिनं विचारलं.

"नाही. फार चांगला होता."

"वाळू होती?"

"कणभरही नाही."

"मग?"

मी चीन, कारखाने, दर असं काहीतरी सांगितलं. युसुफनं त्याचं आणखी काहीतरी केलं. ती ऐकत होती आणि तिचे हात थांबले होते. एवढ्या वर्षांत ते थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. वाळू असती तर मला बोलायला काहीतरी असतं. आपण पुन्हा मांचे बांधू, पुन्हा बांबू आणू, असं तरी म्हणता आलं असतं. काम नीट झालं असताना ते बंद झालं हे कसं सांगतात, ते मला शिकवलेलं नाही, आणि निवृत्त होईपर्यंत कोणी शिकवलंही नाही.

अमीर होडीजवळ उभा होता. हसनानं त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "हा जाणार नाही." मीही कोणाची तरी बायको आहे. अशा वेळी दुसऱ्यानं बोलू नये हे मला कळतं.

मकास्सरहून विमान पकडलं. विमानात शेजारच्या माणसानं विचारलं, "बाली?" मी हो म्हटलं. समजावत बसायचं त्राण नव्हतं.

गाव तसं सगळंच बुडालं नाही म्हणे. व्यापारी थोडा माल घ्यायचा, पडेल भावात, कधी घ्यायचा, कधी नाही. हे सगळं मला युसुफच्या अधूनमधूनच्या फोनवरून कळे. मग तेही फोन कमी झाले. मी निवृत्त झाले. ह्यांना आता वासाची तक्रार करायला जागा नाही, म्हणून ते माझ्या भाजीला नाव ठेवतात.

एका रविवारी दुपारी घरचा फोन वाजला. आवाज ओळखीचा, पण त्या आवाजामागे समुद्र नव्हता, गाड्यांचे हॉर्न होते. "इबू," ती म्हणाली. मला माझी मोडकी भाषा आठवायला वेळ लागला. मुली बऱ्या आहेत, थोरली शाळेत शिकवते, धाकटी उंच झालीय, असं ती सांगत होती.

"कुठून बोलतेस?" मी विचारलं.

"मलेशिया. एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळते. त्यांच्याच घरात राहते. दोन वर्षं झाली."

मला पुढे विचारवेना. तरी विचारलं, "आणि अमीर? तोही तिथेच?"

"नाही, नाही," ती घाईघाईनं म्हणाली, जणू मी तिच्यावर भलताच आळ घेतला होता. "तो घरी आहे, इबू. मुलींजवळ. त्याला मी जाऊ दिलं नाही."